अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण ज्या कुणी काढली, त्याने शरीराचा विचार करूनच काढली असणार. पण मला विचाराल, तर ती घरालाही तितकीच लागू पडते. प्रत्येक घराला एखादी अवघड जागा असतेच. कुणाकडे जिन्याखालचा तिरका कोपरा, कुणाकडे तुळईखालचा ठेंगणा भाग, कुणाकडे दार उघडले की दिसेनाशी होणारी दारामागची भिंत, तर कुणाकडे ओट्याच्या कोनातली एक काळोखी गुहा. तिच्यात गेलेला डबा पुढच्या दिवाळीलाच बाहेर यायचा! पाहुणे आले की आपण त्या जागेवर पडदा ओढतो आणि एरवी तिचे नाव काढायचे टाळतो. अगदी दुखण्यासारखेच!

वाचकहो, या सदरातून वर्षभर मी तुमच्याशी घरातल्या चार गोष्टी बोलत असते. अमुक डबा इथे ठेवा, तमुक खुंटी तिथे ठोका, असा उपदेश करायला पैसे पडत नाहीत. या दिवाळीला मात्र मी वैद्याच्या नात्याने बोलत नाही. रोगी म्हणून बोलते आहे. आमच्याच घरातली एक अवघड जागा चाळीस वर्षे दुखत होती, आणि ती बरी झाली ती घर मोडण्याची वेळ आल्यावर.

पण गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

माझे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. दीड खोली आणि माणसे सात. त्या दीड खोलीत अवघड जागा अशी नव्हतीच; कारण सोपी जागाही नव्हती! भिंतीत तीन कोनाडे होते. एकात देव, एकात वडिलांचे दाढीचे सामान आणि तिसऱ्यात आईचे हिशेबाचे पुस्तक, सुईदोरा आणि औषधाच्या बाटल्या. मोरीवर माळा, माळ्यावर पातेली. सकाळी सगळ्यांच्या वळकट्या खाटेखाली जात आणि रात्री खाटेखालून बाहेर येत. वस्तू जागची हलली, तर ती कुणाच्या तरी पायात येई. त्यामुळे वस्तू जागच्या जागी ठेवणे हा आमच्याकडे सद्गुण नव्हता, नाइलाज होता.

मी अकरावीत गेले, तेव्हा अभ्यासाला बसायचे कुठे, हा प्रश्न आला. खोलीला खिडकी एकच, आणि त्या खिडकीशी आजीची जागा. दुपारभर ती तिथे माळ ओढत बसे. एके रविवारी वडिलांनी एक अठरा इंच रुंदीची फळी आणली, दोन बिजागऱ्या आणल्या, आणि खिडकीखाली ती फळी दोन साखळ्यांवर टांगली. हवी तेव्हा पाडायची, नको तेव्हा भिंतीला उभी करून कडी घालायची. आजी माळ घेऊन उठली आणि दारात जाऊन बसली. “मला कुठे पेपर लिहायचाय?” एवढेच म्हणाली. त्या फळीवर मी एस.एस.सी. झाले. पुढे माझ्या दोन्ही धाकट्या भावांनीही तिथेच अभ्यास केला. ही फळी आणि ते वाक्य दोन्ही मी पुढे साफ विसरून गेले.

भिंतीचा असा उपयोग करणे ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांतून भिंतीच दीड-दोन हात जाड. मग त्या जाडीतच कोनाडे, दिवळ्या, फडताळे, धान्याची बळदे, आणि कित्येक ठिकाणी माडीवर जायचा जिनासुद्धा! भिंत हा नुसता आडोसा नव्हता, ते घरातले मोठ्यात मोठे कपाट होते. आज आपल्या भिंती झाल्या चार आणि सहा इंचांच्या. त्यांच्या पोटात काही मावत नाही, म्हणून जे ते खोलीत येते, आणि खोली लहान झाली अशी आपली तक्रार सुरू होते.

मुंबईत तर लहान जागेचा इतिहासच आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बी.डी.डी. चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. एकूण दोनशे सात इमारती, आणि एकेक खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्या एकशे साठ चौरस फुटांत तीन-तीन पिढ्यांचे संसार झाले. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पाचशे छप्पन्न कुटुंबांना नव्या इमारतीतल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा मला त्यांचा मनापासून आनंद वाटला. पण अनुभवाचे बोल म्हणून एक सांगते. घर तिप्पट झाले की सामान चौपट होते! खोली वाढते ती एकदाच; सामान दर दिवाळीला वाढते.

आमचेही तसेच झाले. १९८४ साली आम्ही डोंबिवलीला स्वतःच्या जागेत राहायला आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, छोटीशी गॅलरी. हे ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ताबा मिळण्यापूर्वीच त्यांनी रात्री बसून संबंध घराचा नकाशा काढला होता. खाट कुठे, कपाट कुठे, शिवणयंत्र कुठे, सगळे इंचाइंचाने मांडलेले. जागा अपुरी आहे असे त्या नकाशाकडे पाहून कुणी म्हटले नसते. फक्त एका ठिकाणी यांचाही हात अडला होता. बोळकांडीच्या टोकाला, न्हाणीघराची भिंत जिथे वळते तिथे, घर बांधणाऱ्याने एक खाच सोडून दिली होती. रुंदी तीन फूट दोन इंच, खोली चार फूट आठ इंच. वर तुळई, खिडकी नाही, उजेड नाही. खाट मावत नाही, आणि कपाट ठेवले तर त्याच्यापुढे उभे राहायला उजेड नाही. 

कुठल्याही घरात जागेला काम नेमून दिले नाही, की ती जागा स्वतःच काम शोधते, आणि ते काम म्हणजे अडगळ. आधी तिथे ‘तात्पुरता’ म्हणून तांब्याचा बंब आला. कारण घरात गीझर आला होता. मग बंबाला सोबत म्हणून पाट आले. कारण जेवणाचे टेबल आले होते. मग मुलाची तीनचाकी, वडिलांकडची ट्रंक, जुना पंखा, पंख्याची खोकी, खोक्यांची खोकी! ‘तात्पुरते’ हा शब्द घरातला सर्वांत टिकाऊ शब्द आहे. २०१९ साली हे गेले. त्यांचा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि नकाशांची सुरळी मी त्याच खाचेत, अगदी मागे, चादरीत गुंडाळून ठेवून दिली. त्यानंतर मी तो पडदा फारसा उघडलाच नाही.

२०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि माझ्या सुनेची कचेरी आमच्या घरात आली. ती एका कंपनीत हिशेबाचे काम पाहते. मुलाला कामावर जाणे भाग होते, नातीची शाळा घरातच सुरू झाली होती, आणि सूनबाई जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसू लागली. पानांची वेळ झाली की संगणक उचलून खाटेवर, पाने उठली की पुन्हा टेबलावर. साथ ओसरली तरी आठवड्यातले तीन दिवस घरून काम हा रिवाज कायम राहिला. खाटेवर वाकून बसून तिची मान धरू लागली. डॉक्टरांनी सांगितले, गोळ्या देतो, पण आधी टेबल-खुर्ची बघा.

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. तिचे वरिष्ठांशी पडद्यावरून बोलणे चालले होते, आणि मला त्याची कल्पना नव्हती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन तिच्या पाठीमागून गॅलरीकडे गेले. पलीकडे कुणीतरी हसले म्हणे. काम संपल्यावर ती माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, “आई, या घरात बंबालासुद्धा स्वतःची जागा आहे. मला नाही.”

मला राग आला. खोटे कशाला बोलू? एवढे सगळे घर तुझेच की, असे मी म्हटलेही. आठ दिवसांनी मुलाने जेवता जेवता सहज बोलल्यासारखे काढले की, पलीकडच्या बाजूला तीन खोल्यांची एक जागा भाड्याने आहे. “तुला इथेच बरं वाटेल, आई. आम्ही काय, हाकेच्या अंतरावर असू.” मी मान हलवली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे केव्हातरी कुठूनशी ती खिडकीखालची फळी डोळ्यांसमोर आली, आणि माळ घेऊन उठलेली आजी. तिने जागा मागितली नव्हती. जागा सोडली होती. आणि मी मात्र चौदा वर्षे न पेटलेल्या बंबाला जागा दिली होती!

सकाळी मी टेप घेतली आणि पडदा बाजूला केला.

आता इथून पुढे मी तुम्हांला जे सांगणार आहे, ते करून पाहिलेले आहे.

पहिली गोष्ट मोजण्याची. अडचणीची जागा डोळ्यांनी मोजू नये. डोळे तिला नेहमी लहान मोजतात. टेप लावावी, आणि तीही तीन ठिकाणी: जमिनीलगत, कमरेच्या उंचीला आणि डोक्याच्या उंचीला. भिंती दिसतात सरळ, पण क्वचितच सरळ असतात. आमच्या खाचेत खालच्या आणि वरच्या रुंदीत पाऊण इंचाचा फरक निघाला. फळी खालच्या मापाने कापली असती, तर वर अडकली असती. दार जवळ असेल, तर ते पूर्ण उघडून मोजावे. तुळई असेल, तर तिच्याखाली घरातल्या सर्वांत उंच माणसाला उभे करावे. 

दुसरी गोष्ट उपसण्याची. सगळे सामान एकदम बाहेर काढावे. थोडे थोडे काढले, तर थोडे थोडे परत आत जाते. मी चार ढीग केले: रोज लागणारे, वर्षातून एकदा लागणारे, दुसऱ्या कुणाला लागणारे आणि कुणालाच न लागणारे. पहिल्या ढिगात काही म्हणता काहीच पडले नाही! दुसऱ्यात आकाशकंदील, पाट आणि गणपतीचे मखर. तिसऱ्यात बंब, तीनचाकी आणि ट्रंक. बंब कोकणातल्या भाचीकडे गेला. तिच्या परसात तो आता रोज पेटतो. उरलेल्या खोक्यांसाठी रद्दीवाल्याला दोन फेऱ्या घालाव्या लागल्या.

ड्रॉइंग बोर्ड कुठल्याच ढिगात बसेना. तो तसाच भिंतीला टेकून उभा राहिला.

नकाशांची सुरळी सोडली, तर आत आमच्या घराचा तो १९८४चा नकाशा निघाला. कागद पिवळा पडलेला, रेघा मात्र ठसठशीत. खाचेच्या जागी यांनी तीन फूट दोन इंच, चार फूट आठ इंच असे आकडे घातले होते, आणि मधोमध बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘पुढे पाहू’. मी आणि सूनबाई दोघीही तो कागद जमिनीवर पसरून बराच वेळ बसलो. मग ती म्हणाली, “बाबांचा बोर्ड केवढा आहे हो, आई?” मी टेप लावली. लांबी बत्तीस इंच, रुंदी तेवीस इंच. खाचेची रुंदी अडतीस. तेवीस इंचांचा बोर्ड पुढे पाडला, तरी खुर्चीला तेहेतीस इंच उरत होते. म्हणजे खुर्चीवर माणूस बसले, तरी बोळकांडीतला रस्ता मोकळा!

कमी जागेतल्या कामाचे शास्त्र कसे असते, हे पाहायचे तर जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराचे उदाहरण घ्यावे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची मोठी टंचाई होती. कामगार वस्तीतल्या लहान घरांसाठी १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या तरुण स्त्री वास्तुशिल्पज्ञाने एक स्वयंपाकघर आखले. रुंदी जेमतेम सव्वासहा फूट, लांबी सुमारे अकरा फूट. तिने नमुना म्हणून आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातली मुदपाकखान्याची खोली पाहिली होती. इतक्या चिंचोळ्या जागेत इतक्या पानांचा स्वयंपाक होतो, तो कसा? तर हात पोहोचेल तिथे वस्तू, आणि जिथे वस्तू लागते तिथेच ती ठेवायची जागा. तिने डाळी-साखरेसाठी नावे घातलेले ॲल्युमिनियमचे खण केले, आणि इस्त्रीची फळी भिंतीवर घडीची बसवली. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात झाली. आपल्याला तर इतक्या दूर जायलाही नको. आगगाडीच्या शयनयानातली खिडकीजवळची बाजूची बैठक आठवा. दिवसा समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री त्याच जोडल्या की एका माणसाचे अंथरूण. एका जागेला दोन वेळांची दोन कामे देता आली, की ती जागा दुप्पट होते.

आमची घडी अशी बसली. मागच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेअठ्ठावीस इंचांवर, एक भक्कम लाकडी पट्टी. तिला तीन बिजागऱ्यांनी बोर्ड जोडायचा. वर उचलला की भिंतीला लागून कडीत अडकेल, खाली पाडला की दोन साखळ्यांवर तोलून राहील. उंची ठरवताना सूनबाईला खुर्चीवर बसवले, कोपर काटकोनात ठेवायला सांगितले, आणि कोपराच्या किंचित खाली खूण केली. टेबलाची उंची पुस्तकातून घेऊ नये. बसणाऱ्याच्या कोपरावरून घ्यावी. संगणकाचा पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत हवी, म्हणजे मान वाकत नाही. त्यासाठी आम्ही संगणकाखाली एक लाकडी खोके ठेवले, आणि टंकायची पट्टी वेगळी घेतली.

भिंतीला हात लावण्यापूर्वी मात्र एक पथ्य पाळा. खांब आणि तुळई यांना कधीही छिन्नी लावू नका. घराचा भार त्यांच्यावर असतो. मधल्या विटांच्या भिंतीला छिद्र पाडायचे, तर पलीकडे काय आहे ते आधी पाहा. आमच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर. नळ कुठून वर जातो हे बघून, त्या बाजूचे वीतभर अंतर सोडूनच सुताराने भोके पाडली. विजेच्या तारेचे काम जाणकाराकडूनच करून घेतले. खाचेला खिडकी नाही, म्हणून एक दिवा डाव्या बाजूने आणि एक छोटा पंखा तुळईखालच्या भिंतीवर. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडते.

आमचा सुतार मूळचा रत्नागिरीकडचा, हातात कला असलेला म्हातारा. बिजागरीसाठी पहिला स्क्रू बोर्डाच्या पट्टीत घालायची वेळ आली, तेव्हा माझ्या तोंडून “थांबा” असे निघून गेले. त्या बोर्डावर टाचण्यांची बारीक भोके होती, पेन्सिलीचे व्रण होते, एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग होता. सुताराने स्क्रू खाली ठेवला. बोर्डावरून हात फिरवला. “ताई, लाकूड चांगलं आहे. पण नुसतं गुंडाळून ठेवलंत, तर पुढच्या पावसाळ्यात वाळवी लागेल.” सूनबाई हळूच म्हणाली, “आई, नको असेल, तर दुसरी फळी आणू. खरंच.” ती मनापासून म्हणत होती, हे मला कळले. मी म्हटले, “लावा. फक्त वर सनमायका चिकटवू नका.”

सुताराची मजुरी आणि सामान धरून खर्च साडेचार हजारांच्या आत आला. तीन खोल्यांच्या भाड्यापुढे तो काहीच नव्हे!

या निमित्ताने घरातल्या बाकीच्या अवघड जागांकडेही नजर गेली, आणि चार गोष्टी शिकले. त्या थोडक्यात सांगते.

माळ्याविषयी प्रथम. माळा मोठा असला, तरी तो तरुणांचा असतो. २०१६च्या दिवाळीत हे आकाशकंदील काढायला स्टुलावर चढले, आणि मनगट मोडून घेऊन उतरले. जागा अवघड कोणती? जिथे वस्तू ठेवता येत नाही ती नव्हे. जिथून ती सुखरूप काढता येत नाही ती. तेव्हापासून आमच्या माळ्यावर फक्त हलके आणि वर्षातून एकदा लागणारेच सामान जाते, आणि प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत आत काय आहे ते लिहिलेले असते. चढायचे ते शिडीवरूनच, स्टुलावरून नाही. भिंतीला टेकवायची शिडी असेल, तर चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट दूर, हे प्रमाण ठेवावे, आणि खाली धरायला माणूस असावे. पुस्तके आणि पितळेची भांडी कधीही माळ्यावर चढवू नयेत.

ओट्याच्या कोनातल्या गुहेत मी आता एक फिरते ताट बसवले आहे. त्यावर बरण्या ठेवल्या, की ताट फिरवून मागची बरणी पुढे येते. मात्र गॅसचे सिलिंडर असल्या बंद कोपऱ्यात कोंबू नये. तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. सिलिंडर नेहमी उभे, शेगडीच्या पातळीखाली, आणि खालून वारा खेळेल अशाच जागी हवे.

दारामागच्या भिंतीला चार इंचांपेक्षा खोल फळी नको. तिथे मसाल्याच्या लहान बाटल्या, पोळपाट, सुपे, छत्र्या फार छान राहतात. खाटेखालच्या पेट्यांना चाके लावावीत, म्हणजे केर काढताना त्या आपल्या आपण सरकतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल, तर मध्ये दोन बोटे अंतर सोडावे. पावसाळ्यात भिंत ओलावते आणि ओल कपाटात शिरते. 

आणि एक गोष्ट करू नये. घरातली अडगळ घराबाहेर, सार्वजनिक जिन्याखाली किंवा विजेच्या मीटरांपाशी नेऊन ठेवू नये. ती जागा मोकळी दिसते, पण ती रिकामी नसते. आग लागली, तर संबंध इमारतीचा जीव त्याच वाटेने बाहेर पडायचा असतो.

आता आमच्या खाचेची हकिगत पुरी करते. सूनबाई आठवड्यातले तीन दिवस तिथे बसते. पडदा ओढला की कचेरी सुरू. पडदा सरला की संपली. मी कपड्यांची बादली घेऊन खुशाल गॅलरीत जाते. तिची मान पूर्ण बरी झाली असे म्हणणार नाही, पण गोळ्या सुटल्या आहेत. भाड्याच्या जागेचे नाव मुलाने पुन्हा काढले नाही. मीही काढले नाही. संध्याकाळी बोर्ड भिंतीला उभा राहतो आणि त्या मोकळ्या चौकोनात नात बसून सतार नाही, पण सतारीसारखे काहीतरी वाजवते. गिटार म्हणतात त्याला. यंदा चिवड्याचे आणि चकल्यांचे डबे चार दिवस त्याच बोर्डावर मांडले आहेत, कारण दिवाळीला कचेरी बंद.

एकदा सूनबाईने मला बोलावून बोर्डावरचा तो चहाचा डाग दाखवला. तिने स्वतःचा कप नेमका त्याच गोलावर ठेवला होता. “इथेच हात जातो, आई,” म्हणाली. मी काही बोलले नाही. डब्यातली एक करंजी काढून तिच्या बशीत ठेवली.

वरच्या भिंतीवर तिने यांचा नकाशा चौकटीत घालून लावला आहे.

बत्तीस इंचांचा बोर्ड आणि अडतीस इंचांची खाच. म्हणजे हिशेबाला पक्के असलेल्या वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, बाजूला सहा इंचांची एक फट उरते. तिचे काय करायचे, यावर घरात सध्या मोठा वाद आहे. मुलगा म्हणतो, वर्तमानपत्रे ठेवू. सूनबाई म्हणते, फायली. नात म्हणते, गिटार मावेल. परवा तिघेही माझ्याकडे निवाड्याला आली. मी करंज्या तळत होते. झाऱ्यावरची नजर न काढता म्हटले, “पुढे पाहू.”